कागदावरचे बारा दिवस

सातव्या दिवशी मी गेलोच नव्हतो. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, ऑफिसात सांगितलेलं नाही, आणि जिच्या बाळाकडे जायचं होतं तिला तर नाहीच नाही. मनातल्या मनातसुद्धा हे वाक्य कधी पुरं केलं नव्हतं. आता पन्नाशी उलटली, थकवा आलाय. न सांगण्याचाच जास्त.

तेव्हा मी लातूरला होतो. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत लस दिली तर तिच्या रक्तातून बाळाला जन्माआधीच छातीच्या आजारापासून थोडं संरक्षण मिळतं. पहिल्या आठवड्यांत ते कितपत उपयोगी पडतं, हे पाहणारा अभ्यास आफ्रिकेतल्या काही देशांत आणि आमच्याकडे एकाच पद्धतीनं चालला होता. लस सरकारी दवाखान्यात नर्स द्यायच्या. आमचं काम आधी घरी बसून समजावण्याचं, आणि बाळ सात दिवसांचं झालं की जाऊन बघण्याचं. वजन करायचं, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजायचे, श्वास जलद दिसला तर तिथूनच गाडी करून दवाखान्यात पाठवायचं.

घरीच जावं लागे, कारण त्या घरांत बारसं होईपर्यंत बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नसत. त्यातून पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे लस रेणापूर तालुक्यात आणि बाळ भलत्याच तालुक्यात. म्हणून माहेरचा पत्ता आधीच लिहून घ्यावा, ही सूचना माझी. तिचं कौतुक झालं होतं.

ती रेणापूरजवळच्या एका गावातली. विशीतली, सातवा महिना संपत आलेला. मी ओसरीवर बसून लसीचं सांगत होतो आणि तिची सासू तूर पाखडत ऐकत होती.

"सर, तुमच्या बायकूला दिलं व्हतं का हे इंजेक्शन?"

"माझी पोरगी अकरावीला आहे, मावशी. तेव्हा नव्हतं हे."

"मग तिला काय झालं? हाय न्हवं धडधाकट?"

सून पदराआड हसली. मीही हसलो. मग तिनंच विचारलं, "बाळाला बघायला तुम्हीच येताव का? माझं माहेर निलंग्याच्या पल्याड हाय, लई आडवळणी."

"मीच येणार. सातव्या दिवशी. कुठंही असलात तरी."

"ह्येंचं काय खरं धरती," सासू सूप आपटत म्हणाली. "सरकारी माणूस."

मी सरकारी नव्हतो, अभ्यास करणाऱ्या संस्थेचा होतो, पण ते सांगत बसलो नाही. दुसऱ्या दिवशी तिनं लस घेतली. माझ्या शब्दावर घेतली.

मुलगा झाल्याचा निरोप तिच्या भावानं फोनवर दिला. सातव्या दिवशी सकाळी मी लातूरच्या स्टँडवर उभा होतो. निलंग्याची गाडी लागली. पुढे तिथून जीप, आणि जीपपासून पायी अर्धा तास. गाडीत जागाही होती. मी चढलो नाही. कारण विचाराल तर काही नाही. घरी कोणी आजारी नव्हतं, माझं भांडण झालं नव्हतं. आधीच्या पंधरवड्यात रोज कुठं ना कुठं गेलो होतो आणि प्रत्येक बाळ चांगलं निघालं होतं. हेही चांगलंच असेल, असं वाटलं. कँटीनमध्ये चहा घेतला. फॉर्म काढला. घड्याळ समोर ठेवलं आणि मिनिटभर नुसता काट्याकडे बघत बसलो, मग श्वासांचा आकडा लिहिला. ते मिनिट कशाला मोजलं, मला आजही सांगता येत नाही. वजन लिहिलं. 'बाळ ठीक' लिहिलं. जागा आपोआप नोंदवणारे मोबाईल तेव्हा आम्हाला दिले नव्हते.

महिन्याभरानं पुढचा फॉर्म कधी भरता येईल ते विचारायला तिच्या सासरी गेलो, तर ती परत आलेली होती. मला वाटलं, लवकर आली. बाळ कुठंय, असं विचारणार तेवढ्यात तिच्याकडे बघितलं आणि काढलेला फॉर्म पिशवीत परत सारला.

तिनं चहा ठेवला, माझ्यासमोर खाली बसली आणि न विचारताच सांगत गेली. सहाव्या दिवशी संध्याकाळपासून बाळाची छाती उडायला लागली होती. भाऊ म्हणाला, निलंग्याला नेऊ. तिची आई म्हणाली, बारशाच्या आधी बाहेर कसं काढायचं, अन् सर तर उद्याच येणार आहेत. सातव्या दिवशी सगळे वाटेकडे डोळे लावून बसले. तिनंच आईला सांगितलं होतं, सर शब्दाचे पक्के आहेत. आठव्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग गाडी केली. निलंग्याला पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

"तुम्ही आला न्हाईत, सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"निघालो होतो, ताई. गाडी बंद पडली वाटेत."

"आसू द्या. तुम्ही तरी काय करताव."

सासू आतून आली. "त्या इंजेक्शनानंच गेलं न्हवं पोर?"

"नाही, मावशी. लसीनं असं होत नाही," मी म्हणालो. ते मी मनापासून म्हणालो होतो.

"मग हिनंच काईतरी खाल्लं आसंल माहेरी. हिच्या आईला काय कळतंय." ती सुनेकडे न बघता बोलली, आणि सुनेनं मान खाली घातली. ती मान वर आणायला माझं एक वाक्य पुरलं असतं. मी कप खाली ठेवला आणि उठलो.

फॉर्ममध्ये मृत्यूची तारीख लिहायची होती. आठवा दिवस लिहिला तर आदल्या दिवशीचा माझा श्वासांचा आकडा आणि माझं 'बाळ ठीक' कोण मानणार? चौकशी झाली असती. मी विसावा दिवस लिहिला. कागदावर ते बाळ बारा दिवस जास्त जगलं.

नंतर बढती मिळाली, नांदेडच्या ऑफिसात आलो. आता मी नव्या पोरापोरींना घरभेटी कशा करायच्या ते शिकवतो. बरं शिकवतो म्हणतात.

गेल्या महिन्यात इथल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये आफ्रिकेतल्या आणि आमच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघायची बैठक झाली. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशातली डॉक्टर पडद्यावर होती. तिच्या मागं कुठंतरी कोंबडा आरवला तसा हॉल हसला, तीही हसली. मग म्हणाली, आमच्या भागातही पहिल्या वेळी मुलगी आईकडे जाते. ती बाळं आमच्या हातून निसटली, फॉर्म कोरे राहिले. तुम्हाला सगळी कशी सापडली?

"सर, तिकडंबी माहेरच हाय की!" शेजारचा सहकारी माझ्या कानाशी बोलला. आमच्या साहेबांनी कौतुकानं माझ्याकडे हात केला. ह्यांची करामत, म्हणाले.

डॉक्टर पुढं बोलली. सातव्या दिवशी चांगली असलेली आणि नंतर अचानक गेलेली बाळं ती वेगळी काढून अभ्यासत होती. तुमच्याकडचं एक आहे, म्हणाली, आणि पडद्यावर ती ओळ आली. माझा श्वासांचा आकडा, माझा विसावा दिवस. या बाळापाशी मी बराच वेळ अडखळले, ती म्हणाली. इतका शांत श्वास, मग काय झालं असेल? भेट देणाऱ्याला काही आठवतं का?

"नाही," मी म्हणालो.

तिनं आभार मानले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. आपल्याकडचे कोरे फॉर्म तिनं कोरे म्हणून दाखवले होते. माझा भरलेला होता, आणि ती तो खरा धरून बसली होती.

त्या बाळाला नेमकं काय झालं होतं, हे कुणी तपासलंच नाही. मी गेलो असतो तर वाचलं असतं, असं म्हणण्याचाही मला हक्क नाही. पण ती माणसं दीड दिवस माझी वाट बघत होती, एवढं खरं आहे. आणि सासूचं ते बोलणं ती पोरगी अजून ऐकत असेल, की आता स्वतःच स्वतःला ऐकवत असेल, मला माहीत नाही. नांदेडहून रेणापूर काही लांब नाही. मी गेलेलो नाही.

त्या डॉक्टरला मी खरी तारीख देणं लागतो, आठवा दिवस, आणि सातव्या दिवसाचा फॉर्म खोटा आहे हे माझ्या सहीनिशी लिहून देणं लागतो. आणि रेणापूरजवळच्या त्या ओसरीवर, सासूच्या देखत, एवढं सांगण्याचं देणं लागतो: ताई, गाडी बंद पडली नव्हती. मी आलो नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं.