सुखदेव काकांची आडवी सायकल

सुखदेव काका रस्त्यावर दिसायचे ते पायांकडून. आधी टायरच्या चपला, मग गुडघे, आणि सगळ्यात शेवटी मागे रेललेलं डोकं. डोणगावात तशी सायकल दुसऱ्या कोणाची नव्हती. आरामखुर्चीला चाकं लावावीत तशी ती होती. पेडल पुढे, बसायला नायलॉनच्या पट्ट्यांची तिरपी सीट, आणि लहान मुलांच्या सायकलची दोन चाकं. सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. थांबायचं झालं की काका दोन्ही टाचा रस्त्यावर घासत न्यायचे. दुसरा ब्रेक त्या सायकलला नव्हताच.

ते आमच्या समोर राहायचे. वायरमनच्या हाताखाली काम करताना विजेच्या खांबावरून पडले, तेव्हापासून त्यांना ताठ बसता येत नव्हतं. पाय मात्र शाबूत होते. खाटेवर पडून राहायचं, नाहीतर कोणी उचलून नेईल तिकडे जायचं, एवढंच उरलं होतं. मग त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, वेल्डिंगवाले युसूफभाई, यांनी भंगारातल्या सायकली कापून ही आडवी सायकल जोडून दिली.

पहिल्याच दिवशी पारावरचा एक म्हातारा ओरडला, "काय बे सुखदेव, तिरडी घेऊन कुठं चालला?"

काका पेडल मारत म्हणाले, "तिरडीले चार जणं लागतात बुढ्या. मी तं एकटाच चाललो."

मी फाट्यावर मेहकरच्या बसची वाट बघत उभी असायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. मला सगळ्याचीच भीती वाटायची. वर्गात हात वर करायचीसुद्धा. काका टाचा घासत थांबायचे आणि खालून माझ्याकडे बघत विचारायचे, "काय वं पोरी, काल काय शिकवलं?" मी काहीतरी पुटपुटायची. ते म्हणायचे, "समजलं नाई तं विचारत जाय. मांगितल्याबिगर कोणी पाणीबी देत नाई, हे मले खाटीवर कळलं."

पण स्वतः मागायचे ते पाणीच. कुठे न्या असं त्यांनी कधी कोणाला म्हटलं नाही.

त्यांचं शेत नाल्याच्या पलीकडे होतं. पडल्यापासून त्यांनी ते पाहिलं नव्हतं. सुमनकाकू एकट्या शेत करायच्या. गेल्या वर्षी त्यांनी एकटीनं तूर पेरली आणि ती अशी आली, की लोक शेताच्या धुऱ्यावर थांबून बघायचे. संध्याकाळी काकू घरी आल्या की काकांचे प्रश्न आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचे.

"शेंगा भरल्या काय?"

"भरल्या."

"केवढी झाली?"

"डोईच्या वर गेली."

"तुह्या डोईच्या का माह्या?"

"या नं मंग पाहाले!" काकू वैतागून म्हणायच्या, आणि लगेच विषय बदलायच्या.

काकांच्या भावाकडे ट्रॅक्टर होता. तो म्हणाला, ट्रॉलीत गादी टाकून नेतो. काका म्हणाले, "मी काय सोयाबीनचं पोतं हाये का?"

डांबरी रस्त्यावर ती सायकल बरी चालायची. पण शेताकडे जाणारी पांदणवाट काळ्या मातीची. पावसाळ्यातल्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. छोटं चाक त्यांत अडकायचं आणि प्रत्येक हिसका पाठीत जायचा. काका दोनदा अर्ध्यातून परत आले. मग युसूफभाईंना म्हणाले, "बैलगाडी काऊन फसत नाई? चाक मोठं हाये म्हणून. तू मले मोठी चाकं लावून दे."

युसूफभाईंनी सांगाडा पुढून-मागून कापला, पट्ट्या जोडून वाढवला आणि मोठ्या सायकलची चाकं बसवली. मी कॉलेजातून परत येताना दुकानासमोर गर्दी बघून थांबले. काका सीटवर होते आणि त्यांचे पाय हवेत लोंबत होते.

"तुहे पाय टेकून नाई राह्यले," युसूफभाई म्हणाले. "ब्रेक लागन याले. परवा मेहकरहून सामान आणतो, मंग ने."

"उद्या बाया येऊन राह्यल्या तूर सोंगाले."

"अबे, दोन दिवसानं काय होते?"

"दोन दिवसानं तिथं खुंट राह्यतीन. खुंट पाहाले जाऊ का?"

युसूफभाईंनी खूप समजावलं. पण सकाळी त्यांनीच सायकल धरून काकांना वर बसवलं.

मी फाट्यावर होते. काका आले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर होता. थांबता येत नव्हतं, म्हणून जाता जाताच म्हणाले, "आता बरोबरीनं बोलू वं पोरी!" मी हसले, हात केला. तेवढ्यात बस आली.

संध्याकाळी कळलं. पांदण नाल्यात उतरते तिथे सायकलनं वेग घेतला. काकांनी सवयीनं टाचा खाली सोडल्या. खाली जमीन नव्हती. सायकल पाइपपुलाच्या दगडांवर गेली. काकू हातातल्या विळ्यासकट तुरीतून धावत आल्या. शेवटी भावाच्या ट्रॉलीतूनच काकांना आणावं लागलं.

खुबा मोडला होता. दवाखान्यातून महिन्यानं घरी आणलं, तोवर पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. त्या भरल्या नाहीत. काकू सकाळ-संध्याकाळ त्यांना कुशीवर वळवायच्या, जखमा धुवायच्या. युसूफभाई दारापर्यंत यायचे. काकू त्यांना चहा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत.

मी कधी कधी काकांजवळ पुस्तक घेऊन बसायची. एकदा न राहवून विचारलं. विचारायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

"काका, ब्रेक लागेपर्यंत तुम्ही थांबले असते तर?"

ते म्हणाले, "उतारावरून दिसली होती वं. वाळली होती, पण शेंगा अशा खुळखुळून राह्यल्या होत्या... थांबलो असतो तं तूर निंघून गेली असती."

चैत्रात ते गेले.

तेरवी झाल्यावर मी काकूंकडे गेले. त्या अंगणात सुपात डाळ पाखडत होत्या. मला वाटलं, काकांचं ते बोलणं सांगितलं तर त्यांना थोडं बरं वाटेल. अडखळत सगळं सांगितलं. काकूंची तूर काकांनी पाहिली होती, हेही सांगितलं.

काकूंनी सूप मांडीवर ठेवलं. डाळीत बोटं फिरवत राहिल्या.

"तूर काय वं," त्या म्हणाल्या, "पुढच्या सालीबी पेरलीच असती मी."