लेकीच्या वाईनचा नमुना

आमच्या घरात वाईनचा पहिला थेंब आला तो नमुना म्हणून. दुसऱ्या कुठल्याही नावानं तो उंबरा ओलांडू शकला नसता, कारण उंबऱ्याच्या आत आमचे हे बसलेले असतात.

यांची सगळी नोकरी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात गेली. एका डाळमिलसाठी ते तुरीची खरेदी बघायचे. निवृत्त झाले तरी सकाळी मोंढ्यात एक चक्कर मारल्याशिवाय यांना जेवण जात नाही. तूर तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची, एक दाणा दाढेखाली फोडायचा आणि मग वर बघत गप्प बसायचं, ही यांची पद्धत. घरातही तीच. नवीन भाजी केली की हे पहिला घास घेऊन छताकडं बघणार आणि मी हातात उलथनं धरून उभी राहणार. सगळा संसार त्या छताकडं बघण्यात गेला म्हटलं तरी चालेल.

आम्हाला एकच लेक. ती नाशिककडं एका वाईनच्या कारखान्यात असते. द्राक्षं बागेतून आली की त्यांची वाईन होईपर्यंतची सगळी जबाबदारी तिची. हे मी इथं सरळ लिहिते आहे, पण आमच्या गल्लीत ते कुणी सरळ ऐकलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर हे सांगायचे, "फळांचं काहीतरी करते." त्यामुळं निलंग्याच्या नणंदबाई अजूनही समजतात की भाची जॅम बनवते. दर दिवाळीला त्या एक बरणी मागतात आणि दर दिवाळीला मी काहीतरी थाप मारते.

लेकीचं दुखणं मात्र गल्लीचं नव्हतं. वडील तिच्या कामाबद्दल बरंवाईट एक अक्षर बोलत नव्हते, हे तिला लागायचं. जेवलीस का, तिकडं थंडी आहे का, एवढं झालं आणि बोलणं वाईनकडं वळायला लागलं की हे फोन माझ्या हातात द्यायचे. "एकदा रागावले तरी चालेल गं आई," ती म्हणायची, "पण हे असं गप्प बसणं नको." मी तिला समजवायची की बाई, तुझ्या बापाचं तोंड तुरीशिवाय कुणापुढं उघडत नाही. ती हसायची, पण हसू वरवरचं असायचं.

परवाच्या मार्गशीर्षात ती सुट्टीला आली ती चार बाटल्या घेऊन. स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "यातली एक माझी आहे. पूर्ण माझी. बाग निवडण्यापासून सगळं मी केलंय, साहेबांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोडलं होतं. बाकीच्या तीन बाजारातल्या. चारी बाटल्या झाकून ठेवू, पप्पांनी चव घ्यायची आणि सांगायचं. माझी कोणती ते कळलं तर ते काही बोलणारच नाहीत."

"आणि त्यांनी तुझीच वाईट ठरवली तर?"

"तर तसं. खरं तरी असेल."

आता यांना पेल्यापर्यंत आणायचं काम माझ्याकडं आलं. मी वाईन हा शब्दच काढला नाही. जेवताना मी म्हटलं, "पोरीनं चार नमुने आणलेत. एकदा बघून द्या म्हणते." यांचा घास तिथंच थांबला. नमुना बघायला या माणसानं आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. भर तापात, डोक्यावर पाण्याची पट्टी ठेवलेली असताना यांनी हरभरा बघितला आहे. "बघू," म्हणाले, "पण एकादशीला नको."

एकादशी नको, चतुर्थी नको, गुरुवारी माझं व्रत, सोमवारी यांचा उपास. शेवटी रविवारची दुपार उरली. त्याच रविवारी देगलूरहून माझा धाकटा भाऊ न सांगता टपकला. त्याचं तिथं खताचं दुकान आहे आणि कुठं काही चांगलंचुंगलं शिजत असलं की त्याला लांबून वास येतो. त्याला परत पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यालाही बसवला.

बाटल्या झाकायला लेकीनं वर्तमानपत्र मागितलं. हे उठले आणि आतून नमुन्याच्या कापडी पिशव्या घेऊन आले, तूर भरून नेतात त्या. स्वतःच्या हातानं यांनी प्रत्येक पिशवीच्या तोंडाला सुतळी ओवली, मग लेकीनं एकटीनं आत जाऊन त्यांत बाटल्या घातल्या, सुतळ्या आवळल्या, वर खडूनं आकडे घातले आणि चार पिशव्या टेबलावर आणून मांडल्या. बाटल्यांच्या माना तेवढ्या बाहेर दिसत होत्या. खिडक्यांचे पडदे मी आधीच ओढले होते.

लग्नात आलेले काचेचे ग्लास पहिल्यांदाच खोक्यातून बाहेर निघाले. तिघांपुढं चार-चार ग्लास लागले. लेकीनं सगळ्यांत थोडी-थोडी वाईन ओतली, सगळी लालच. मग नियम सांगितले. आधी रंग बघायचा, मग वास, मग घोट. घोट तोंडात घोळवायचा आणि या पातेल्यात थुंकायचा.

"थुंकायचा?" भाऊ म्हणाला. "देगलूरहून दोन एसट्या बदलून आलो अक्का, ते थुंकायला व्हय? आपल्याला न्हाई जमणार."

मलाही ते पटलं नव्हतं. पानापुढं बसून थुंकायचं हे कुठलं वळण? शिवाय लेकीनं तोंडी लावायला साधा पाव सांगितला होता. पाहुण्यापुढं नुसता पाव ठेवायचा म्हणजे सुतक आहे का घरात? मी भजी तळली होती आणि ठेचा केला होता. लेकीनं ठेच्याची वाटी उचलून फ्रिजवर ठेवली. भावानं ती परत आणली.

पहिला घोट घेऊन हे छताकडं बघायला लागले. लेक यांच्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघत होते. भावाचं मात्र भराभर चाललं होतं. "एक नंबर लई आंबट. दोन नंबर कडू हाय. चार नंबर, अक्का, आपल्या दवाखान्यातल्या औषधावानी." ठेच्यानंतर त्याला सगळंच तिखट लागत होतं ते सोडा. मी माझ्या चारी ग्लासांत जीभ बुडवली आणि मला चारी सारख्या लागल्या, हे मी कुणाला सांगितलं नाही.

"आता परत एकदा घ्या आणि ठरवा," लेक म्हणाली. तेवढ्यात तिला कारखान्यातून फोन आला आणि ती गॅलरीत गेली.

पुढं जे झालं ते माझ्या हातानं झालं. नवऱ्यापुढं आणि भावापुढं रिकामे व्हायला आलेले ग्लास. आमच्या माहेरी पाहुण्यापुढचा पेला अर्धा दिसला तर घरातली बाई मान खाली घालते. मठ्ठा असो की सार, विचारायचं नसतं, वाढायचं असतं. हात आपोआप गेला. जवळ एक नंबरची पिशवी होती, तिच्यातून मी सगळ्यांचे ग्लास ओळीनं भरले. ती कमी पडायला लागली तेव्हा चार नंबरची घेतली. "घ्या हो, संकोच करू नका," असंसुद्धा म्हणाले. दोघांपैकी एकानंही मला अडवलं नाही. वाढणाऱ्या बाईला अडवायची कुणाची हिंमत असते?

लेक परत आली. यांनी पुन्हा चारी ग्लास चाखले, पुन्हा वर बघितलं, आणि तीन नंबरवर बोट ठेवलं. "हा चांगला हाय," म्हणाले. "चांगला हाय."

लेकीनं पिशवीची सुतळी सोडली. तीन नंबर तिचीच होती. मी तर ओरडलेच, "तुझीच गं माय!" भावानं टाळ्या वाजवल्या. लेकीचा चेहरा असा फुलला होता की दहावीच्या निकालालासुद्धा मी तो तसा बघितला नव्हता. मग तिची नजर ग्लासावर गेली.

"मी एवढी कुठं ओतली होती? आई, हे ग्लास कुणी भरले?"

मला अजून काही कळलं नव्हतं. "मीच भरले की. रिकामे कसे ठेवायचे?"

"कुठल्या बाटलीतनं?"

मी आधी एक नंबरकडं बोट केलं, मग चारकडं. आणि ते करता करताच मला उमगलं. बारा ग्लासांत मी बारा प्रकारची सरमिसळ करून ठेवली होती. नवऱ्यानं चांगली म्हटलेली वाईन जगात कुणीच बनवलेली नव्हती. भाऊ हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला.

लेक मला एका शब्दानं बोलली नाही. "असू दे आई," म्हणाली आणि ग्लास गोळा करायला लागली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब जरा," हे म्हणाले. "म्हणजे तीन नंबर तुझी हाय? तू केलेली?"

तिनं मान हलवली.

यांनी आपला एक ग्लास उचलला, मोरीत जाऊन विसळला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि तिच्यापुढं धरला. "त्यातली दे. नुसती तीच."

आता झाकपाक काही नव्हती. पिशवी बाजूला पडली होती आणि बाटली उघडी उभी होती. यांनी ग्लास उजेडाकडं धरला, पडदा थोडा बाजूला केला, परत बघितलं. घोट घेतला. छताकडं बघितलं. भावानं भजं हातात धरून ठेवलं होतं. इतका वेळ गेला की मला वाटलं, आता हे ग्लास खाली ठेवतील आणि चहा टाक म्हणतील.

"आंबट आधी लागतंय," हे म्हणाले. "मग मधी काहीच न्हाई. मोकळं हाय मधी. अन् शेवटाला जीभ धरून ठेवती. कामून?"

इथं मोंढ्याची एक गोष्ट सांगायला हवी. ज्याला माल घ्यायचा नसतो तो मुठीतले दाणे परत टाकतो, "चांगला हाय" म्हणतो आणि पुढच्या ढिगाकडं जातो. ज्याला घ्यायचा असतो तो खोड काढतो. ओल आहे, खडा आहे, दाणा बारका आहे म्हणत तो तिथंच घुटमळतो. लेक लहानपणी यांच्या सायकलवर बसून मोंढ्यात जायची, तिला हे पाठ होतं. मघाशी आनंदाच्या भरात ती ते विसरली होती. आता तिला आठवलं, कारण तिनं हातातले ग्लास खाली ठेवले आणि ती यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"जीभ धरते ती सालीमुळं पप्पा. साल जास्त दिवस रसात ठेवली होती मी."

"फळ कच्चं तोडलं असशील."

"नाही! उलट उशिरा तोडलंय."

"मग दोन बागांचा माल एक केला असशील."

"एकाच बागेचा आहे! तुम्ही बघितलीय का बाग?"

"न्हाई बघितली. म्हणून तर विचारून राहिलो."

दोघांचे आवाज चढले. हे सांगत होते ते सगळं तुरीचं होतं आणि बहुतेक चुकत होतं. ती प्रत्येक गोष्ट खोडून काढत होती, हे नवीन खोड काढत होते. मधेच यांनी परत ग्लास पुढं केला आणि तिनं भरला. पातेलं कोरडंच राहिलं होतं. भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अक्का, भांडून राहिले का हे?" मी म्हटलं, "गप बस, खा भजी." मला इतका आनंद झाला होता की मी त्याच्यापुढं आणखी चार भजी वाढली.

"तोडणी कधी हाय औंदा?" यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात सुरू होईल."

हे उठले. खुंटीवरच्या सदऱ्यातून फोन काढला आणि मोंढ्यातल्या आपल्या जुन्या सोबत्याला लावला. कमी ऐकू येतं म्हणून हे फोनवर नेहमीच ओरडून बोलतात, सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

"म्या पुढच्या महिन्यात न्हाई रे. नाशिकला चाललो. लेकीचा माल निघतोय, बघायला जायचंय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या ओट्यावर दोघीजणी मेथी निवडत बसल्या होत्या.

"वाईन करती ती," हे ओरडले. "वाईन! हाव. स्वतः करती. अजून जरा कच्ची हाय, पण जमंल तिला."