आज मी मुलीचे पाच मार्क कापायला लावले

मैत्रिणींनो, आत्ताच पालकसभेतून आले. कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय!

शाळेच्या वाचनालयासाठी नववीच्या मुलांना देणगीची कुपनं दिली होती. सगळी खपवली की विज्ञानात पाच मार्क जादा. आमच्या अश्विनीची दहा मिनिटांत संपली. तिचे बाबा ज्या स्टँडवर रिक्षा लावायचे, तिथं ती गेली होती; त्यांच्या मित्रांनीच सगळी घेतली. वर्गात पहिला नंबर आला, तरी पोरगी खूश नव्हती. म्हणाली, "आई, हे मार्क बाबांचे आहेत."

तिचे बाबा वारल्यापासून मी सभेत मागंच बसते. आज उभी राहिले. "सर, हिचे पाच मार्क कापा."

सर हसले. "ताई, असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

"वाचनालय मलाही पाहिजे. मी रद्दीतली पुस्तकं वाचून शिकले. पण ज्या पोराला ओळखपाळख नाही, त्यानं मार्क कुठून आणायचे?"

मागून एक बाई ओरडल्या, "व्हय सर! आमच्या पोराचं एक कुपन खपलं नाय!" मग सगळेच बोलायला लागले. शेवटी कुपनाचे मार्क सगळ्यांचेच रद्द झाले!

ते मार्क वजा केल्यावर अश्विनी चौथी आली. घरी येताना म्हणाली, "आता हा नंबर माझा."

तुमच्या मुलांच्या शाळेत असं चालतं का? तुम्ही काय केलं असतं?