गेरूचा लेप

सकाळी सून गॅलरीतल्या कुंड्यांना गेरू लावत होती. ओल्या गेरूचा मातकट वास आला आणि माझा डावा हात आपोआप मांडीवर गप्प पडून राहिला.

लग्नाआधी आम्ही विठ्ठलवाडीला राहायचो. त्या दिवशी ठाण्याला नोकरीची मुलाखत होती. मला आणि शेजारच्या कुंदाला, दोघींनाही बोलावलेलं, जागा मात्र एकच. मी ट्रंकेतून साडी काढत होते, तेवढ्यात ट्रंकेमागून तळहाताएवढा कोळी निघाला आणि माझ्या मनगटावरून पळाला. मी किंचाळले तशी कुंदा धावत आली.

"चावलाय गं. आता हलू नकोस," ती म्हणाली. "चाललीस तर विष चढेल. बाबांच्या दवाखान्यात एकीचा हात काळा पडलेला."

तिचे बाबा कंपाउंडर, म्हणून माझा विश्वास बसला. तिने गेरू उगाळून कोपरापर्यंत लेप दिला, हात उशीवर ठेवला आणि एकटीच ठाण्याला गेली. दिवसभर मी बोटसुद्धा हलवलं नाही. वाळलेला गेरू कातडी ओढत होता.

संध्याकाळी ती नोकरीचे पेढे घेऊन आली. ओल्या फडक्याने तिनेच लेप पुसला. खाली साधा लाल ठिपकाही नव्हता. ती मान वर न करता पुसत राहिली.

घरातला तो कोळी सहसा माणसाला अपाय करत नाही, हे मला फार उशिरा एका डॉक्टरांकडून कळलं. त्या संध्याकाळी मात्र मला वाटलं, लेपानेच विष उतरलं. मी पेढा खाल्ला आणि कुंदाला म्हटलं, "बरं झालं बाई, तू जवळ होतीस."