डेल्बर्टचं सातशे एक

डेल्बर्ट क्रूपा हा हवासू तळ्याकाठचा सगळ्यांत न्यायप्रिय माणूस. हे आम्हाला त्याच्याचकडून कळलं, आणि एकदा नव्हे, दर रविवारी कळत राहिलं.

पोटासाठी तो लोकांचे एसी दुरुस्त करायचा. जुलैत पारा एकशे अठरा फॅरनहाइटवर गेला की अर्धं गाव त्याच्या पाया पडायला तयार असे. डेल्बर्ट घरात शिरणार, फिल्टर झटकणार, जाळीला कान लावून डोळे मिटणार आणि मग ठरलेलं निदान सांगणार, "मशीनला काही झालेलं नाही, मॅडम. तुम्ही मागचं दार उघडं ठेवता." वीस वर्षं हेच चाललं होतं. दहांतल्या नऊ घरांत ते खरंही निघायचं. रात्री जेवताना तो बायकोला, रोंडाला, त्या दिवशीची दारं मोजून दाखवायचा आणि माणसं स्वतःची चूक सोडून मशीनला कशी दोष देतात याचं त्याला मनापासून हसू यायचं.

रविवारी मात्र हा शहाणपणा घरीच राहायचा.

रविवारी डेल्बर्ट उभ्याने चालवायची जेट स्की घेऊन पाण्यावर उतरे. शर्यतीची नाही, कसरतीची. लाटेवरून उडायचं, माणसासकट स्की हवेत एका अंगावरून पूर्ण फिरवायची आणि सरळ पाण्यात उतरायचं. या आडव्या कोलांटीसाठी तो अकरा वर्षं झटत होता. अकरा वर्षांत अर्धी कोलांटी त्याने शेकडो वेळा मारली होती. उरलेली अर्धी पाण्याखाली पुरी व्हायची. किनाऱ्यावरचे लोक त्याची पाळी आली की सँडविच हातात घेऊन खुर्च्या त्या बाजूला वळवून बसत. एवढं प्रेम गावाने महापौरालाही दिलं नसेल.

"इंजिन," डेल्बर्ट पाण्यातून वर येत म्हणायचा. नाकातोंडातून पाणी गळत असलं तरी हा शब्द स्पष्ट यायचा. "माझं सातशे एक सीसी. बाकीच्यांचं हजार. कसं व्हायचं?"

आणि खोटं कशाला बोला, त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्या क्लबात हौशी गट होता तो नावाला. हौस म्हणजे काय, तर कॅलिफोर्नियातून मोटारघर घेऊन यायचं, त्यामागे अकराशे सीसीची स्की आणायची, तिच्यासोबत पगारी मेकॅनिक आणायचा आणि अर्जावर 'हौशी' या शब्दावर खूण करायची. यांत सगळ्यांत पुढे दातांचे डॉक्टर ट्रेंट हॅलोरन. माणूस गोड, दात शुभ्र. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हजार सीसीवर अशी कोलांटी मारली होती की डेल्बर्टला रात्रभर झोप लागली नव्हती.

शेवटी गेल्या हिवाळ्यात, पॅनकेकच्या हॉटेलातल्या मागच्या खोलीत क्लबाची बैठक भरली तेव्हा डेल्बर्टने नियम लिहूनच आणला. हौशी गटात इंजिन सातशे एक सीसीचं, वर काही नाही. तो एवढा तळमळून बोलला की लोकांनी सिरपची बाटली पुढे सरकवणंही थांबवलं.

क्लबाच्या तपासनीस लुएला पिकेट. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे गाव त्यांना अजून बाईच म्हणतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "डेल्बर्ट, जुनी इंजिनं घासली जातात. सिलिंडर घासून साफ केले की आतला व्यास वाढतो, त्याला थोडी सूट ठेव. वीस-तीस सीसी."

"बाई, सूट?" डेल्बर्ट उभा राहिला. "आज यांना एक मिलिमीटर द्या, उद्या हे त्यात स्वयंपाकघर बांधतील! सातशे एक म्हणजे सातशे एक."

"लिहू असंच?"

"ठळक लिहा."

बाईंनी ठळक लिहिलं. मतदानात नियम पास झाला. डॉक्टर हॅलोरननीही हात वर केला, हे डेल्बर्टला जरा खटकलं.

ऑक्टोबरची स्पर्धा ही डेल्बर्टची शेवटची होती. उजव्या खांद्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात ठरलं होतं आणि सर्जनने सांगितलं होतं की त्यानंतर स्कीचा दांडा धरायचा नाही, फार तर मासे पकडायचा गळ. त्यामुळे यंदा नाही तर कधीच नाही. त्याला चषक नको होता. चषक ठेवायला त्यांच्या ट्रेलर-घरात जागाही नव्हती. त्याला एकदाच, सारख्या इंजिनांत, ती कोलांटी पुरी करायची होती, म्हणजे अकरा वर्षं आपण बहाणे करत नव्हतो हे सगळ्यांना कळलं असतं. सगळ्यांना म्हणजे मुख्यतः रोंडाला. तिने कधी काही विचारलं नव्हतं, आणि तेच त्याला टोचत होतं.

सकाळच्या पहिल्या फेरीत डॉक्टर उतरले. नवी कोरी स्की, त्यावर सातशे एकचा आकडा. दोन चकरा मारल्या, तिसऱ्या लाटेवरून उडाले आणि हवेत पूर्ण फिरून अलगद खाली आले. किनाऱ्यावर हॉर्न वाजले. मग डेल्बर्टची पाळी आली आणि खुर्च्या वळल्या. त्याने तीनदा प्रयत्न केला, तीनदा डोक्यावर पडला.

किनाऱ्याला लागताच तो ओल्या कपड्यांनिशी तपासणीच्या तंबूकडे चालू लागला.

"डेल्बर्ट, नको," रोंडा म्हणाली.

"सातशे एकवर ते होऊच शकत नाही! मी सांगतो ना, आत नऊशेच्या खाली नाही."

"तुला कसं माहीत?"

"अकरा वर्षं मीच करून पाहतोय, अजून कसं माहीत असायचं?"

आमच्याकडे सकाळी तपासणी होते ती वरवरची; बाई आकडा बघतात आणि शिक्का मारतात. इंजिन उघडायचं तर कुणीतरी लेखी हरकत घ्यावी लागते. आणि हरकतीची क्लबाची जुनी रीत अशी की, जो दुसऱ्याचं उघडायला लावतो त्याचं आधी उघडतं. फुकटचे संशयात्मे कमी व्हावेत म्हणून कुणीतरी कधीकाळी घालून दिलेली.

"रीत माहीत आहे ना?" बाईंनी विचारलं.

"उघडा की," डेल्बर्ट म्हणाला. आणि ऐटीत स्वतःच पाना घेऊन हेडचे, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचे, बोल्ट सैल करू लागला. तंबूभोवती गर्दी जमली. हेड निघालं. बाईंनी सिलिंडरमध्ये माप घातलं, वाचलं, पुसलं, पुन्हा घातलं, मग दुसऱ्या सिलिंडरमध्ये घातलं. फळ्यावर चुकलेलं गणित दिसलं की त्यांचा चेहरा व्हायचा तसा झाला.

"ब्याऐंशी."

"एक्याऐंशी," डेल्बर्ट म्हणाला. "सातशे एकचा व्यास एक्याऐंशी मिलिमीटर असतो, बाई."

"असतो. तुझा ब्याऐंशी आहे. डेल्बर्ट, हे किती वेळा घासून घेतलंस?"

डेल्बर्ट आठवू लागला. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीत वाळू अडकून पिस्टन चिकटला तेव्हा एकदा, किंगमनच्या वर्कशॉपमध्ये. मग रोंडाच्या भाच्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. मग अजून दोनदा. दर वेळी पाव मिलिमीटर. दर वेळी नवा मोठा पिस्टन घातला, झाकण लावलं आणि वरचा आकडा फडक्याने पुसला. आकडा सातशे एकच राहिला. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात; एकदा सातशे एक म्हटलं की ते मरेपर्यंत सातशे एक. फक्त नियमात तसं लिहिलेलं नव्हतं. नियम डेल्बर्टने लिहिला होता.

"सातशे अठरा सीसी," बाईंनी कागदावर गुणाकार संपवला. "बाद. वाईट वाटतं मला. वीसची सूट असती तर बसलं असतं."

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "डेल्बर्ट, त्या एका मिलिमीटरमध्ये स्वयंपाकघर बांधलंस का रे?" हशा उसळला. डेल्बर्टचे कान लाल झाले.

मग डॉक्टरांचं इंजिन उघडलं. बाईंनी माप घातलं. एक्याऐंशी, दोन्हीकडे. सातशे पूर्णांक आठ दशांश. डॉक्टरांनी ते खास या गटासाठी नवं घेतलं होतं, आणि त्यांच्या दातांइतकंच ते स्वच्छ होतं.

डेल्बर्ट सावलीत जाऊन बर्फाच्या पेटीवर बसला. खरी लाज वाटली की तो हाताने गुडघे चोळतो, तसा चोळत राहिला. इतक्यात डॉक्टर आले आणि बर्फातला सोडा उघडून त्याच्या हातात देत म्हणाले, "डेल्बर्ट, माझा मेकॅनिक हेड परत बसवतोय. तीनला दुसरी फेरी आहे. माझी घेऊन जा ना."

"काय?"

"स्की. मापून झालेली आहे. नाव तर तुझं नोंदलेलंच आहे."

डेल्बर्टने बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बाद मशीन झालंय. माणूस बाद झालेला नाही."

"माझा खांदा..." डेल्बर्टने सुरुवात केली.

"अकरा वर्षं तू म्हणतोयस ना," रोंडा मागून म्हणाली, "सारखं इंजिन द्या, मग बघा? हे घे. दिलंय."

तीन वाजता डेल्बर्ट उतरला. डॉक्टरांची स्की हलकी होती, हाताला लगेच ऐकत होती. किनाऱ्यावर खुर्च्या वळल्या, पण या वेळी सँडविच कुणी काढलं नाही. पहिल्या दोन उड्या नेहमीसारख्या गेल्या. मग लांबून एक मोठी बोट गेली आणि तिच्या मागे उंच, स्वच्छ लाट उठली. अशी लाट दिवसातून एकदा मिळते. डेल्बर्ट तिच्यावर नीट चढला. वेग बरोबर, कोन बरोबर, खांदाही दुखत नव्हता. स्की टोकाशी पोचली आणि इंजिन गप्प झालं.

ते बिघडलं नव्हतं. टोकाशी, जिथे बोटाने ॲक्सिलरेटर घट्ट आवळून धरायचा असतो, तिथे डेल्बर्टचं बोट सुटलं होतं. स्वतःच्या घासलेल्या, खडखडणाऱ्या इंजिनावर त्याला हे कधी ऐकू आलं नव्हतं. हे नवं इंजिन स्वच्छ बोलत होतं, त्यामुळे त्याचं गप्प होणंही स्वच्छ ऐकू आलं. हवेत उलटं लटकलेलं असताना त्याला कळलं की बोट दर वेळी इथेच सुटतं. अकरा वर्षं. तो घाबरत होता, एवढंच होतं ते. मग तो डोक्यावर पडला.

किनाऱ्यावर सगळे इंजिनवाले लोक. ऐकलं सगळ्यांनीच. कुणी हसलं नाही, आणि हे त्याला हशापेक्षा जड गेलं.

तो स्की ओढत उथळ पाण्यात आला. डॉक्टर गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते. माणूस खरंच भला. त्यांनी स्कीच्या पोटाशी हात घातला, काहीतरी चाचपल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाले, "हेड घाईत बसवलंय रे. एखादा प्लग सैल राहिला असेल. वर जाताना बंद पडलं ना? मी बघतो."

चांगला, भक्कम बहाणा होता. नुसती मान हलवली असती तरी पुढची अकरा वर्षं पुरला असता. डेल्बर्टने नाकातलं पाणी शिंकरलं आणि रोंडाकडे पाहिलं. ती टॉवेल घेऊन उभी होती.

"नाही डॉक्टर," तो म्हणाला. "मशीनला काही झालेलं नाही."

या वाक्याचं पुढचं अर्धं रोंडाने वीस वर्षं जेवताना ऐकलं होतं. ते ती बोलली नाही. तिने त्याच्या दुखऱ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि स्कीची दुसरी बाजू धरली.