बोलावणाऱ्याचं रान

माझ्या माहेरच्या पितळी परातीला एका बाजूला पोचा आहे. लोक विचारतात, पडली का. मी म्हणते, नाही, मामंजींनी रानात नेली होती. त्यावर कुणी पुढं विचारत नाही, आणि विचारलं तरी दोन शब्दांत सांगण्यासारखं ते नाही.

लग्न होऊन मी वळसंगाहून कुंभारीच्या पलीकडच्या एका गावी आले, तेव्हा माझे मालक सोलापूरला गिरणीत लागलेले होते. सुट्टीच्या दिवशी यायचे, भाकरी खायचे आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत परत चालू लागायचे. सासू, सासरे आणि मी, अशी घरात तीनच माणसं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, म्हणजे मनात. समोर तर मी डोक्यावरचा पदरही हलू द्यायची नाही.

आमचं रान माळाच्या अगदी खाली, उताराच्या माथ्यावर. तिथून ओढ्यापर्यंत एकाखाली एक सात रानं, सात घरांची. आमचं सगळ्यात वरचं. काळी जमीन, ज्वारीची. पण माळावरचं पाणी उतरायचं ते ह्या सातही रानांतून माती घेऊनच ओढ्याला जायचं. आमच्या वाटणीचा एक दगड होता. आजेसासऱ्यांनी तो पुरला तेव्हा म्हणे टीचभर वर होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माझ्या कमरेला लागत होता. दगड काही वाढला नव्हता.

मामंजींच्या डोक्यात ह्या दगडानं घर केलं होतं. सोलापूरला शेतकी खात्याच्या रानात जाऊन ते बघून आले होते. उताराला आडव्या मातीच्या ताली, म्हणजे भराव, घातल्या तर पाणी थांबतं, मुरतं, माती जागेवर राहते. पण ताल वाटणीचे बांध बघत नाही, ती उतार बघते. कुणाच्या रानातून तिरकी जाणार, कुणाची पेरणीच्या दोन पाभरींइतकी रुंद पट्टी खाणार. म्हणजे एकट्यानं करायचं काम नव्हे. सातही जणांनी मिळून केलं तरच त्याला अर्थ.

आणि सात जण कसे? पारावर बसून तंबाखू मळणारे. मामंजी एकेकाला हाताला धरून त्या दगडापाशी न्यायचे. तो माणूस दगड बघायचा, मान हलवायचा.

"व्हय, माती चाललीया खरी."

"मग?"

"पावसाचं पानी हाय, ते खालीच जानार की. वर कसं जाईल?"

आणि परत पारावर. दोन वर्षं हे चाललं. मला तर वाटायचं ह्या माणसांना चिमटा काढला तरी ती उद्या ओरडतील. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई चुलीपाशी बसून पुटपुटायच्या, "दगड धरून बसलेत, दगड." पण मामंजी रानाकडं निघाले की त्यांच्या फडक्यात चार शेंगा जास्त बांधायच्या.

त्यांना एवढी तळमळ कसली, ते मला एकदाच कळलं. मालक गिरणीत परत निघाले होते. मामंजी वेशीपर्यंत गेले, आल्यावर उंबऱ्यावर बसले आणि आत्याबाईंना म्हणाले, "रानात माती ऱ्हायली तर पोरगं येईल म्हागारी. न्हायतर कशाला यावं त्यानं? दगड नांगरायला?" मी आत जात्यावर होते. माझा हात थांबला. मलाही तेच हवं होतं, पण ते दुसऱ्या कुणाला हवं असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग एका वर्षी ज्वारी कणसात भरलीच नाही. त्या एकाच हिवाळ्यात गावातली आणखी तीन तरणी पोरं गिरणीकडं गेली. तेव्हा कुठं पारावरची तंबाखू थांबली. माणसं आपण होऊन मामंजींकडं आली. मारुतीपुढं बैठक झाली. आम्ही बायका देवळामागं उभ्या राहून ऐकत होतो.

ठरलं असं, की इर्जिक घालायचं. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी बैलं घेऊन एकाच्या रानात उतरायचं, काम उरकायचं, आणि ज्याचं रान त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. असं एकापाठोपाठ सातही रानांत. सगळं जुळत आलं आणि ओढ्याकाठच्या रानाचा म्हातारा उठला. कानडी मुलखातून त्याचे वाडवडील आलेले. तोंडानं फटकळ, रान सगळ्यात खालचं.

"पानी वरनं येतंय म्हंता. मग ताल बी वरनं सुरू हुनार. म्हंजे पयली बैलं तुमच्या रानात. तुमचं झालं की तुमी आमच्याकडं येशीला कशावरनं?"

सगळ्यांच्या मनात तेच असावं. मला दिसलं, दोघं-तिघं पायांत वहाणा घालू लागले.

मामंजी म्हणाले, "बोलावनारा मी हाय. पंगतीत बोलावनारा कवा बसतो?"

"शेवटी," कुणीतरी म्हणालं.

"मग माझं रान शेवटी. सुरवात तुमच्या रानापासनं."

म्हातारा खाली बसला. मग म्हणाला, "मग माजी बैलं आली समजा."

देवळामागं माझा ऊर अभिमानानं भरून आला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मला त्यात तेव्हा वावगं काही दिसलं नाही.

होळी झाल्यावर काम सुरू झालं. आणि माझी परात गेली ती तेव्हाच. मामंजींनी ती तिवईवर ठेवली, काठोकाठ पाणी भरलं आणि काठाला डोळा लावून समोर काठी धरणाऱ्याला तिच्यावर खूण करायला लावली. पाणी सपाट म्हणजे नजर सपाट, आणि त्या नजरेत येईल तिथून ताल जायची. सकाळची भाकरी मी मग लाकडी काटवटीत मळू लागले. "सुनंची परात गावाचं रान मापतीया," असं म्हणून बायका मला चिडवायच्या. मी वरवर रागवायची.

ते दोन महिने मी आयुष्यात विसरणार नाही. केणी म्हणजे बैलांनी ओढायची जाड फळी. ती माती खरवडत पुढं ढकलते. अशा पाच-पाच केण्या एका रानात चालायच्या. वाटणीवरून बोलणं टाकलेले दोन भाऊ होते. ताल दोघांच्या बांधातून जायची म्हणून एकाच दोरीची दोन टोकं धरून ते समोरासमोर उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांना "वढ की" म्हणाले. ज्याचं रान असेल त्याच्या घरी आम्ही सगळ्या जमायचो. दळण, कालवण, ठेचा. पारावर माणूस उरला नव्हता. खालून वर एकेक रान होत आलं. ओढ्याकडून बघितलं की सहा रानांत काळ्या ताली आडव्या पडलेल्या दिसायच्या, नव्या, मऊ, अजून पाय रुततील अशा.

मी रोज भाकऱ्यांची पाटी घेऊन माळाकडून खाली उतरायची. एकदा उतरता उतरता मनात आलं, आणि रात्री भांडी घासताना आत्याबाईंना म्हणाले, "अवो, माळाचं पानी पयलं आपल्या रानात येतं. आपलं आदी व्हायला पायजे हुतं की."

आत्याबाईंनी हातातलं भांडं पालथं घातलं. मग म्हणाल्या, "त्यांस्नी ठाव हाय. सोलापूरच्या मानसानं बी हेच सांगितलं हुतं, वरनं सुरू करा म्हनून. पर वरनं म्हनले असते तर कोन आलं असतं?" आणि थोड्या वेळानं, "पावसाला अजून टैम हाय, म्हंतात."

मी पुढं काही बोलले नाही. बोलून काय झालं असतं, मला माहीत नाही. पण बोलले नाही एवढं खरं.

सहावं रान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची पाळी. आत्याबाईंनी हट्टानं पुरणाचा बेत ठरवला. "सगळ्यांनी भाकरी घातली, आमी पोळ्या घालू." दुपारपर्यंत आम्ही दोघींनी मोठ्या पातेल्यात पुरण शिजवून वाटून ठेवलं. पोळ्या सकाळी करायच्या.

तिसऱ्या प्रहरी माळाकडून आभाळ उतरलं. वळीव दरवर्षी पडतो. धूळ उडते, चार टपोरे थेंब, वास सुटतो आणि ऊन पडतं. हा तसा नव्हता. गारा आल्या, मग सरीवर सरी. मी दारात उभी होते. मामंजी डोक्यावर पोतं घेऊन रानाकडं पळताना दिसले. त्यांना पळताना मी पहिल्यांदा बघत होते.

मागोमाग मीही गेले. कुणी अडवलं नाही. माळाचं सगळं पाणी आमच्या मोकळ्या रानात शिरलं होतं. तिथं त्याला अडवायला काही नव्हतं, उलट उतार होता. तांबडं, फेसाळ पाणी एकवटून खालच्या पहिल्या तालीला भिडलं. ताल क्षणभर उभी राहिली. मग मधोमध खचली. आणि तिनं धरून ठेवलेलं पाणीही त्या लोंढ्याला जाऊन मिळालं. दुसरी गेली, तिसरी गेली. ताली नसत्या तर पाणी नेहमीसारखं पसरून गेलं असतं. आता ते साठून साठून फुटत होतं. दोन भाकऱ्या थापून होतात तेवढ्यात सहाही रानं फुटली. शेवटी सगळं जाऊन पडलं ओढ्याकाठच्या म्हाताऱ्याच्या रानात.

मामंजी त्या दगडाला धरून उभे होते. पोतं कुठं तरी पडलं होतं. हाक मारायची तर सुनेनं कशी मारायची? मी नुसती उभी राहिले. त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरी, एक दिस ऱ्हायला हुता गं."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. अजून कानात आहे.

घरी आल्यावर त्यांनी पुरणाचं पातेलं बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, आता कशाला. ते म्हणाले, "जेवायचं सांगितलंय, जेवान व्हईल." आणि ओल्या धोतरानं दारोदार जाऊन सांगून आले. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळे "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोळ्या केल्या. दुपार झाली, कुणी आलं नाही. पानं मांडलेली तशीच. मामंजी दारात बसून होते. ऊन कलल्यावर एक माणूस आला. ओढ्याकाठचा म्हातारा. त्याच्या रानात मुरूम आणि गोटे गुडघाभर साचले होते. तो हात-पाय धुऊन पानावर बसला. मामंजींनी स्वतः वाढलं. म्हाताऱ्यानं दोन पोळ्या खाल्ल्या, पाणी प्यायला आणि म्हणाला,

"माजं रान गेलं. पर तुमी वरनं सुरू केलं असतं तर मी बैलं दिली नसती. ह्ये बी खरंच हाय."

मामंजींनी मान खाली घातली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. उरलेल्या पोळ्या आत्याबाईंनी गाईला घातल्या.

त्यानंतर आठ-नऊ महिने मामंजी एकटे रानात जायचे. खोरं, पाटी आणि माझी परात. माथ्यावरची ताल एकट्यानं घालत होते. पोचा तेव्हाच आला, दगडावर आपटून. मालक सुट्टीला आले की म्हणायचे, मी येतो मदतीला. मामंजी नको म्हणायचे. आत्याबाईंनी सांगून बघितलं, चार जणांना बोलवा. ते म्हणाले, "बोलवायला आता तोंड कुटं हाय?" पारावर तंबाखू पुन्हा सुरू झाली होती. मला त्या पाराचा इतका राग यायचा की मी लांबच्या वाटेनं पाण्याला जायची.

माघात त्यांना ताप भरला. आठ दिवसांत गेले. ताल निम्मी झाली होती.

तेराव्याच्या दिवशी सकाळी गाव जमायला लागलं. आम्ही बायका स्वयंपाकात होतो. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बघते तर ओढ्याकाठचा म्हातारा बैलं जुंपून, केणी बांधून दारावरून चालला होता. आमच्या दाराकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ माळाकडं. एक जण उठला, त्याच्यामागं गेला. मग ते दोघं भाऊ. मग बाकीचे. कुणीतरी म्हातारी बाई करवादली, "आज तेराव्याला बैलं जुंपत्यात व्हय?" म्हातारा लांबूनच ओरडला, "मग कवा जुपायची? बोलवायला आता हाय कोन?"

माझे मालकही डोक्याचं मुंडासं सोडून त्यांच्यामागं गेले.

दिवस मावळायच्या आत आमच्या रानातली ताल पुरी झाली. त्या उन्हाळ्यात वरून खाली सातही रानं झाली, आणि ती टिकली. पुढं आसपासच्या गावांतली माणसं ती बघायला यायची. पण मालक गिरणीतून काही परत आले नाहीत. आत्याबाई गेल्यावर मीच त्यांच्यामागं सोलापूरला आले. रान दुसऱ्यानं कसलं. ज्वारी चांगली येते म्हणतात. ज्याच्यासाठी ती माती राखली तो चाळीत राहतो, मीही तिथंच राहते, आणि परातीत दोन माणसांचं पीठ मळते.

त्या दिवशी तेराव्याची पंगत संध्याकाळी बसली. मातीनं भरलेली माणसं ओळीनं बसली. गेलेल्याचं पान आधी वाढायची रीत असते. आत्याबाईंच्यानं उठवेना, म्हणून ते मी वाढलं. इतकी वर्षं त्या घरातल्या पंगतीत, बोलावणारे म्हणून, मामंजींचं पान सगळ्यांच्या शेवटी वाढलेलं मी बघितलं होतं. त्या दिवशी ते पहिलं होतं, आणि त्याच्यावर बसायला कुणी नव्हतं.