प्रस्थानाचं गाठोडं

हैदराबादची ती सरकारी बाग मी अजून पाहिलेली नाही. तिच्या फाटकापासून अजबखान्यापर्यंत कसं जायचं, कोणत्या दालनात काय ठेवलं आहे, सगळं मला तोंडपाठ होतं. त्या शहरात माझे एक स्नेही कारकून होते. त्यांना मी चार पत्रं लिहिली होती आणि चारही उत्तरं वहीत उतरवून घेतली होती. शाळामास्तराची खोड, दुसरं काय.

जायची इच्छा मात्र माझी नव्हती, माझ्या पत्नीची होती. अजबखान्यात हजारो वर्षांपूर्वी मेलेली एक परदेशी बाई कापडात गुंडाळून जपून ठेवली आहे, हे मी एकदा जेवताना सहज सांगितलं. पत्नीचा हात भाकरी थापता थापता थांबला.

"कापड हाय अजून तिच्या अंगावर?"

"आहे म्हणतात."

"इतकी वर्सं? कसलं कापड म्हनायचं ते?"

मी जवसाच्या धाग्याविषयी जे वाचलं होतं ते सांगितलं. ती हसली. "आपल्याकडं जवसाची चटनीच करतेत. मला बघायचंय ते."

आई चुलीपलीकडं बसली होती. "मेलेली बाई बघाया आगगाडीत बसायचं? लोक ऐकले तर काय म्हनतील."

"आत्या, ती हजारो वर्सांची हाय," पत्नी सासूला म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे की आनखी थोडी. कुठं पळून चालली?"

पण आईचाही विरोध वरवरचा होता. बागेत वाघ आहे हे कळल्यावर तिनं स्वतःच विचारलं, "पिंजरा पक्का हाय ना?" आमची सात वर्षांची मुलगी तर त्या दिवसापासून वाघ काय खातो याच चिंतेत होती.

असे आम्ही चौघं जाणार होतो. बीडहून सर्व्हिस मोटारीनं तेलगाववरून परळी आणि तिथून पुढं आगगाडी. स्नेह्यांनी कळवलं की आठवड्यातून एक दिवस, मंगळवारी, बाग बायकांसाठी राखून ठेवतात. त्या दिवशी पुरुष फाटकाबाहेर थांबतात. पत्नी म्हणाली, "म्हंजे तुमी इतकं वाचून बाहेरच. आमी बघून येऊन तुमाला सांगू." हे सांगताना तिला फार आनंद झाला होता.

मंगळवारी तिथं असायचं तर रविवारी निघायला हवं होतं. आणि त्याच रविवारी तालिमात, म्हणजे शिक्षण, खात्याचे तपासनीस शाळा तपासायला येणार होते; त्या काळी आमच्याकडं शाळेला सुट्टी शुक्रवारची असे. सोमवारी निघून काहीच साधत नव्हतं, शिवाय सोमवारी पूर्वेला जाऊ नये असं आईचं ठाम मत. पुढच्या रविवारी जाऊ, असं मी म्हणालो. तेव्हा आईनं भटजींकडून पंचांग पाहून आणलं. पुढच्या रविवारचा दिवस वाईट निघाला. चांगला दिवस होता त्या आधीचा बुधवार. मग आईनंच तोड काढली.

"बुधवारी परस्थान ठिवू. मग पाच दिवसांत कवाबी निघा."

प्रस्थान ठेवायचं म्हणजे चांगल्या वेळेला आपली थोडी वस्त्रं, तांदूळ आणि सुपारी गाठोड्यात बांधून जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. गाठोडं गेलं की माणूस निघाला असं धरतात. मग आपण मागाहून, मुदतीत, ते उचलून पुढं जायचं. मात्र न जाता ते घरात परत आणायचं नाही.

पूर्वेला गल्लीच्या टोकाशी एका अत्तार कुटुंबाचं घर होतं. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईला आम्ही खाला म्हणायचो. बुधवारी सकाळी पत्नीनं गाठोडं बांधलं. आई ओट्यावरून ओरडून विचारत होती, "सगळ्यांचं एकेक घातलंस का गं?" पत्नी आतून "व्हय" म्हणाली. मी वहीत गाडीची वेळ पुन्हा तपासत होतो. खालानं गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि फळीवर ठेवलं.

तपासनीस ठरलेल्या रविवारी आलेच नव्हते. आता ते आम्ही निघायच्या रविवारनंतरच्या गुरुवारी येणार असं कळलं. मुख्याध्यापकांनी माझी रजेची दरखास्त तशीच ठेवली. रजेशिवाय गेलो असतो तर फार काही झालं नसतं, हे आज मला कळतं. दुसरा मास्तर तसा जाऊन आला होता. मला ते धैर्य नव्हतं. शनिवारी मी घरी सांगितलं की आणखी थांबावं लागेल.

पत्नीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. नंतर म्हणाली, "तिला काय, ती थांबती." मला वाटलं, ती त्या अजबखान्यातल्या बाईविषयी बोलते आहे. तसंच असावं.

सोमवारी तिला ताप आला. मुदतीचा ताप होता. आठव्या दिवशी माझी रजा मंजूर होऊन आली. ती रजा मी तिच्या उशाशी बसून घालवली, आणि उरलेली ती गेल्यावर तिच्या दिवसांत.

पुढं वर्षभर गाठोडं खालाकडंच होतं. आई तिकडची वाट टाळायची. एकदा ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मीच घालविलं तिला. परस्थान ठिवलं आन् ती निघून गेली." मी तिला समजावलं की हा वेडेपणा आहे. खरं तर हाच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. इतकी पुस्तकं वाचून माणूस असा कसा होतो, मला सांगता येणार नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर खालानं निरोप धाडला. ती लेकीकडं पाटोद्याला राहायला चालली होती. मी आणि आई गेलो. गाठोडं त्याच फळीवर होतं.

"अमानत हाय मास्तरसाब. मी हात न्हाई लावला," खाला म्हणाली.

घरात न्यायचं नाही म्हणून आईनं ते खालाच्याच ओट्यावर सोडलं. तांदळाला कीड लागून निम्मं पीठ झालं होतं. सुपारी होती. माझं उपरणं, आईची चोळी, मुलीचा परकर. आईनं कापडं एकेक करून झटकली, मग रिकाम्या फडक्याची उलटी बाजूही पाहिली.

पत्नीचं काहीच नव्हतं.

आईनं रिकामं फडकं मांडीवर पसरलं. मग म्हणाली, "दोनच धड चोळ्या व्हत्या तिच्यापाशी. एक अंगावर, एक वाळत. तिसरी ठिगळाची. ती कशी घालंल दुसऱ्याच्या घरात?" थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "म्हंजे ती निघालीच न्हवती." आणि पदर तोंडाला लावला. वर्षात पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली. खाला तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

आईचं ओझं तेवढं उतरलं. माझ्या वहीत बागेच्या फाटकाची वेळ होती, गाड्यांच्या वेळा होत्या, जवसाच्या धाग्याविषयी अर्धं पान होतं. ते कापड कसलं, हे ती मला विचारत होती तेव्हा तिच्या अंगावर कसलं आहे, हे मी पाहिलं नव्हतं.

मुलीला परकर आखूड होत होता, तो खालाच्या नातीला दिला. तांदूळ आईनं चिमण्यांना टाकले. उपरणं मी खांद्यावर घेतलं आणि तसाच शाळेत गेलो. तिनं वर्षापूर्वी घातलेल्या घड्या त्याच्यावर संध्याकाळपर्यंत दिसत होत्या.